फळ्यावरचं भविष्य आणि पुसलेली एक ओळ

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

मी लातूरचाच. औसा रोडच्या आतल्या बाजूला आमची जुनी कॉलनी आहे, ऐंशीएक घरं. कॉलनीच्या वाचनालयाबाहेर एक काळा फळा आहे. पूर्वी त्यावर सुविचार असायचे, ते कुणी वाचत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी मी तिथं दर रविवारी सकाळी खडूनं बारा राशींचं गमतीचं भविष्य लिहायला लागलो. 'मेष : नळ येईल, लाइट जाईल, मोटर बघत राहील.' 'तूळ : गंजगोलाईत ज्या रस्त्यानं शिराल त्या रस्त्यानं बाहेर पडणार नाही.' लोकांना आवडलं. दूध आणायला निघालेले थांबून वाचतात, फोटो काढतात, आपली रास सापडली की मागच्याला दाखवतात.

पण गेल्या दोन महिन्यांत तीन गोष्टी घडल्या. 'वृश्चिक : शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी तुमच्या मोटरीत येण्याचा योग' असं मी लिहिलं. एका काकांची रास वृश्चिक आहे, आणि त्यांच्या मोटरीवरून गल्लीत आधीच कुरबुर होती. मला ते ठाऊक होतं, खोटं कशाला सांगू. ते आता माझ्याशी बोलत नाहीत. मग 'कन्या : मंगळवारी पाहुणे येतील, पण पोह्यांत मीठ जास्त पडेल' असं लिहिलं. एका घरी त्याच मंगळवारी मुलीला बघायला येणार होते. तिच्या आईनं कार्यक्रमच पुढं ढकलला. तिसरी गोष्ट सगळ्यात वाईट. 'सिंह : गुरुवारी घरात भूकंप, केंद्रबिंदू स्वयंपाकघर.' दुपारी बघतो तर तेवढी एकच ओळ पुसलेली. डस्टरनं नाही, हातानं. नंतर कळलं, मागच्या गल्लीतल्या आजोबांनी पुसली. ते किल्लारीकडचे. कुणाला काही बोलले नाहीत, ओळ पुसली आणि निघून गेले.

तेव्हापासून मी खडू हातात घेतलेला नाही. बायको म्हणते, बंद करा, लोकांच्या तोंडी कशाला लागायचं. गणेश मंडळाची पोरं म्हणतात, या वर्षी दहाही दिवस रोज लिहा, आम्ही आरतीनंतर माइकवर वाचू. मी काय करू? गंमत करणं चुकलं का माझं?

– खडूवाला, लातूर (नाव छापू नये)

—

भाऊ,

फळा बंद करू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनानं वाचाल. पण खडू हातात घेण्याआधी तुम्हाला एका घरी जायचं आहे, म्हणून तिसऱ्या गोष्टीपासून सुरुवात करते.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा लातुरातच होते. विसर्जनाची मिरवणूक बघून आम्ही उशिरा झोपलो होतो, केसांत गुलाल तसाच. मांडणीवरची पितळी भांडी एकामागून एक खाली आली. शेवटी एक तांब्या फरशीवर गरगर फिरत राहिला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. आमच्याकडे भांडीच पडली. भूकंपाचा तडाखा बसलेल्या किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर बसल्या. सुमारे दहा हजार माणसं गेली. ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली. लातुरातही, ज्यांच्या घराला साधी चीर गेली नव्हती, ते लोक कितीतरी रात्री अंगणात आणि रस्त्याकडेला झोपत होते. आजही चतुर्दशीच्या रात्री मिरवणूक संपवून घरी आल्यावर दिवा मालवताना हात अडखळणारी माणसं मला माहीत आहेत.

'घरात भूकंप', 'राजकारणात भूकंप' असं आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो. दुसऱ्या एखाद्या शहरात हा शब्द सहज खपतो. आपल्याकडे त्या शब्दाला तारीख आणि वेळ चिकटलेली आहे. तुमचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्राच्या भाषेवरून तुम्ही तेव्हा शाळेत तरी असाल किंवा जन्मलेलेही नसाल. तुमच्या मनात स्वयंपाकघरातलं भांडण होतं. आजोबांनी त्या ओळीत काय वाचलं ते आपण त्यांना विचारायचं नाही.

तुम्ही त्यांच्याकडे जा. सकाळच्या घाईत नको, संध्याकाळी, अंगणात खुर्ची टाकून बसलेले असतील तेव्हा. पेढ्याचा पुडा नेऊ नका. 'ती ओळ मी लिहिली होती, माझं चुकलं,' एवढंच म्हणा. मला स्वयंपाकघरातलं भांडण म्हणायचं होतं, असा खुलासा करू नका, कारण खुलासा केला की आपल्याला समजून घेण्याचं ओझंही त्यांच्यावरच पडतं. ते बोलले तर ऐका. विषय बदलून पावसाचं काढलं तर पावसाचं बोला. चहा आला तर घ्या. आणि फळ्यावर जाहीर माफी मात्र अजिबात लिहू नका. त्यांनी पुसताना कुणालाही हाक मारली नाही. त्यांना त्याचा गवगवा नको होता, हे त्यांच्या हातानं तुम्हाला सांगितलं आहे.

वृश्चिकवाल्या काकांची गोष्ट वेगळी आहे. तिथं मी तुमच्याशी जरा कडक बोलणार. तुम्हाला त्यांची रास माहीत होती, मोटरीची कुरबुर माहीत होती, तरी लिहिलंत. गल्लीतली तक्रार तुम्ही राशीच्या आडून केलीत. ही तक्रार सभेत उभं राहून केली असती तर काकांना उत्तर देता आलं असतं. फळ्याला उत्तर देता येत नाही. त्यांनी खडू घेऊन खाली 'हे खोटं आहे' लिहिलं असतं तर लोक आणखी हसले असते.

आणि पाणी चोरल्याचा ठपका लातुरात लहान नाही. २०१६ चा उन्हाळा आठवा. मांजरा धरण कोरडं पडलं, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, एकेकीत ५० हजार लिटर, म्हणजे सगळं मिळून ५ लाख लिटर. पुढं ५० वाघिणींची गाडी येऊ लागली. त्याआधी मार्चमध्ये पाण्याच्या ठिकाणांजवळ जमावबंदीचं कलम १४४ लावायची वेळ आली होती. घागरीवरून भांडणं होऊ नयेत म्हणून! ज्या गावानं हे पाहिलं तिथं 'शेजाऱ्याचं पाणी' ही ओळ हसण्यावारी जात नाही. काकांकडेही जा. मोटरीचा विषय काढायचाच असेल तर तोंडावर काढा, राशीचा आधार न घेता.

एवढं सांगून हेही सांगते की पाण्यावरचा विनोद सोडू नका. 'नळ येईल, लाइट जाईल, मोटर बघत राहील' ही तुमची ओळ मी दोनदा वाचली आणि दोन्ही वेळा हसले. ती ऐंशीच्या ऐंशी घरांची ओळ आहे. ती वाचताना कुणाचीही मान एकाच घराकडे वळत नाही. लिहिण्याआधी ही एवढी परीक्षा घेत जा. ओळ मनात म्हणायची आणि कॉलनीतल्या माना कुठे वळतात ते बघायचं.

आता त्या आईविषयी. तुमच्या पत्रातला सूर असा आहे की बाईनं गमतीचं भविष्य खरं कसं मानलं. त्यांना भोळं समजू नका. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या वर्गातल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि आठवड्यानं प्रत्येकाला 'हे तुझ्या स्वभावाचं वर्णन' म्हणून एक कागद दिला. वर्णन किती जुळतं त्याला पाचपैकी गुण द्यायचे होते. सरासरी आली ४.२६. मग उघड झालं की कागद सगळ्यांना शब्दशः एकच होता, आणि त्यातली वाक्यं बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. कॉलेजात शिकणारी ती तरुण मुलं होती. आपल्याबद्दल म्हणून जे लिहिलेलं असतं ते माणूस स्वतःला लावूनच बघतो.

त्यात त्या आई मुलीचं लग्न जमवायच्या धामधुमीत आहेत. त्या घरात सध्या रास हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जात असेल. ३६ पैकी गुण किती जुळले, नाडी एक तर नाही ना, मंगळ आहे का. आपल्याकडे रास जन्मवेळच्या चंद्रावरून ठरते, एकेका राशीत सव्वादोन नक्षत्रं, त्यातल्या चरणावरून बारशाला नावाचं अक्षर. ती माणसाला पाळण्यात मिळते आणि सरणापर्यंत सोबत राहते. मानणारा असो वा न मानणारा, कन्या राशीचा माणूस 'कन्या' हा शब्द दिसला की थांबतोच. हीच गोष्ट शनीची. २०२५ च्या मार्चअखेर शनी मीन राशीत गेला, तेव्हापासून पंचांगाप्रमाणे कुंभ, मीन आणि मेष या राशींना साडेसाती आहे. त्यांच्यातला एखादा दर शनिवारी तेल घालून येत असेल, घरात खरोखर आजारपण असेल. त्याला 'शनी तुमच्या दारात स्कूटर लावून बसला आहे' असं लिहून तुम्ही हसवू शकणार नाही.

तुमच्या हातून झालेली चूक बारीक आहे, पण तिन्ही ओळींपैकी दोघींत ती आहे. तुम्ही वार लिहिलात. 'मंगळवारी पाहुणे', 'गुरुवारी भूकंप'. 'पाहुणे येतील आणि पोह्यांत मीठ जास्त पडेल' हे कुठल्याही घराला लागू आहे, ते वाचून माणूस हसतो. त्यात मंगळवार घातला की ते भाकीत होतं, आणि ज्याच्या घरी मंगळवारी काही आहे त्याच्या पोटात गोळा येतो. वार काढून टाका.

वर्तमानपत्रातल्या राशिभविष्याला हे भान ठेवावं लागत नाही, कारण लिहिणारा वाचणाऱ्याला ओळखत नाही. ते सदर तसं फार जुनंही नाही. ऑगस्ट १९३० मध्ये लंडनच्या एका रविवारच्या वर्तमानपत्रानं आर. एच. नेलर या ज्योतिषांकडून नुकत्याच जन्मलेल्या राजकन्या मार्गारेटची पत्रिका मांडून घेतली. वाचकांना ती इतकी आवडली की सदर सुरू झालं, आणि पुढच्या काही वर्षांत सगळ्या जगाची बारा राशींत वाटणी करून भविष्य छापायची रीत पडली. लाखो अनोळखी लोकांसाठी ते ठीक आहे. आपलं लातूर २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांवर गेलं, तरी इथं रिक्षावाला पत्ता विचारण्याआधी 'कुणाच्या घरी जायचंय' असं विचारतो. आणि तुमचा फळा तर ऐंशी घरांचा. तुम्ही सगळ्यांना ओळखता, सगळे तुम्हाला ओळखतात. अशा ठिकाणी बारा राशी म्हणजे बारा नावं होतात.

म्हणून माझा खरा सल्ला असा, की राशी बदला.

मेष-वृषभ काढून टाका. आपण या शहरात जसे जगतो त्यावरून नव्या राशी करा, आणि आपली रास कोणती ते ज्याचं त्याला ठरवू द्या. आज एक, उद्या दुसरी घेतली तरी चालेल. यातून आणखी एक गोष्ट साधेल. तुमच्या कॉलनीत मुसलमान घरं असतील, बौद्ध घरं असतील, पत्रिकाच न मांडणारी माणसं असतील. गेली दोन वर्षं ती फळ्यापुढं उभी राहून इतरांचं भविष्य वाचत होती. त्यांच्या घरीही नळ येतो, त्यांचीही लाइट जाते. त्यांना अजून तुमच्या फळ्यावर रास मिळालेली नाही.

कशा राशी, तर उदाहरणं देते. आवडली तर घ्या, याहून चांगल्या तुम्हाला सुचतील.

गच्ची रास. मे महिन्यात गच्चीवर झोपणारे सगळे यात येतात. 'पहाटे चार थेंब पडतील. गादी खाली न्याल तोवर पाऊस थांबेल. गादी वर आणाल तोवर पडेल. शेवटी गादी जिन्यात राहील आणि तुम्ही गादीवर.'

आडत रास. 'सोयाबीन घरात आहे तोवर भाव पडलेला राहील. विकून घरी याल, हातपाय धुवाल, तेवढ्यात चुलतभावाचा फोन येईल की आज सौदा वर निघाला.' ही ओळ मोंढ्यात वाचून दाखवा, हमाल-मापाड्यांपासून आडत्यापर्यंत सगळे हसतील, कारण सगळ्यांनी ते सोसलं आहे. पण कर्ज आणि सावकार या दोन शब्दांना हात लावू नका. कुणाच्या घरात त्या शब्दांनी काय केलं आहे ते आपल्याला बाहेरून दिसत नाही.

पुणे रास. ज्यांची लेकरं पुण्याला किंवा हैदराबादला नोकरीला आहेत त्यांची. 'शुक्रवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं मुलगा निघेल, रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परत जाईल, मधल्या वेळात झोपेल. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्याल. तो म्हणेल बॅगेत जागा नाही. त्याचे बूट काढून जागा कराल.' इथं शुक्रवार-रविवार चालतील, ते सगळ्यांचेच आहेत. ही ओळ वाचून काही बाया हसता हसता गप्प होतील. तेही फळ्यावर यायला हवं. गमतीच्या भविष्यात नुसती थट्टाच असली पाहिजे असं कुणी सांगितलं?

ट्युशन रास. ही लिहिताना मात्र हात सावकाश चालवा. परीक्षांच्या कसून तयारीसाठी गाजलेल्या लातूर पॅटर्नच्या ओढीनं गावोगावची पंधरा-सोळा वर्षांची लेकरं आपल्या शहरात खोल्या करून राहतात. तुमच्या कॉलनीतही दोन-चार खोल्या भाड्यानं दिलेल्या असणारच. 'मेसच्या डब्यात सलग चौथ्या दिवशी बटाटा निघेल. आईचा फोन येईल, जेवलास का. तुम्ही म्हणाल, हो, मस्त होतं.' इथपर्यंतच. मार्क, निकाल, कट-ऑफ, 'नंबर लागणार नाही' यातला एकही शब्द नको. रात्री बाराला अभ्यासिकेतून परतणारं एखादं लेकरू एकटंच फळ्यापुढं उभं राहून वाचेल, हे डोळ्यांपुढं आणा आणि मग लिहा.

आणि येळवस रास तर आपली हक्काची. येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी लातुरात दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं शहर शेतात, कडब्याच्या कोपीशी जेवायला. बाहेरून बदलून आलेल्या साहेबाला हा काय प्रकार आहे ते पहिल्या वर्षी कळत नाही. 'ज्याला शेत नाही त्याला चार आमंत्रणं. पहिल्या कोपीत भज्जी पोटभर, दुसऱ्या कोपीत आग्रहानं, तिसऱ्या कोपीत शपथेवर. चौथ्या कोपीत पोचेपर्यंत आंबील डोक्यात चढलेली असेल, लिंबाखाली आडवं व्हावं.' ही रास त्या दिवसापुरती सगळ्यांना द्या. नव्या भाडेकरूलाही.

तुम्ही म्हणाल, राशीच काढल्या तर त्याला भविष्य कोण म्हणेल? लोक म्हणतील. आपल्याच मुलखात हे फार आधी होऊन गेलं आहे. पैठणच्या एकनाथ महाराजांनी सोळाव्या शतकात जोशाचं भारूड रचलं. दारोदार होरा सांगत फिरणाऱ्या जोशाचं सोंग घेऊन ते गावाला भविष्य सांगतात. त्यात एक पाटील आहे, त्याच्यावर विश्वास ठेवू नका असं जोशी बजावतो, आणि तो पाटील म्हणजे ऐकणाऱ्याचं स्वतःचं मन. ऐकणारा आधी हसतो आणि मग आपण होऊन त्यात स्वतःला बघतो. शेजाऱ्याकडे बोट दाखवायला जागाच ठेवलेली नाही. तुमच्या वृश्चिकच्या ओळीत आणि त्या होऱ्यात जो फरक आहे, तो एवढाच आहे आणि फार मोठा आहे.

घरात पंचांग असेल तर पावसाची नक्षत्रं उघडून बघा. मृगापासून प्रत्येक नक्षत्राला एक वाहन दिलेलं असतं. बेडूक, म्हैस, हत्ती, मोर, गाढव, मेंढा, कोल्हा, उंदीर, घोडा. जून लागला की शेतकरी एकमेकांना विचारतात, यंदा मृगाचं वाहन काय? म्हैस म्हटलं की चेहरे खुलतात. 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' ही असल्याच भविष्यांची भाषा, छोटी आणि तालात बसणारी. तुम्हीही फळ्यावर नळाला वाहन द्या. 'या खेपेला नळाचं वाहन हत्ती, टाकी भरून वाहील.' 'या खेपेला गाढव, पाइपातून नुसती हवा.' लहान पोरं खडूनं शेजारी चित्र काढतील, त्यांना काढू द्या.

लिहिताना भाषा आपली ठेवा. वर्तमानपत्री भविष्याची 'आर्थिक लाभ संभवतो, प्रवास टाळावा' ही भाषा तुमच्या पत्रातल्या नमुन्यांतही अधूनमधून डोकावते. 'योग' हा शब्द तर तुमच्या हाताला सवयीनं येतो. त्याऐवजी ओट्यावर बसलेल्या मावशी जसं विचारतात, 'काय करलालाव? नळ आला का?', म्हणजे 'काय करताय?', तसं लिहा. पुण्याहून सुट्टीला आलेलं पोरगं फळ्यावर 'करलालाव' वाचून तिथंच थांबेल.

आता मंडळाचं. दहाही दिवस लिहा, पण रोज बारा ओळी नकोत. बारा गुणिले दहा म्हणजे १२० ओळी, त्यात हात सैल सुटतो आणि नको ते लिहून जातो. रोज तीन राशी पुरेत. आणि माइकवर वाचायला पोरांना ठामपणे नाही म्हणा. फळ्यापुढं माणूस एकटा उभा असतो, ओळ आवडली नाही तर पुढं निघून जातो. मांडवात माइकवर तीच ओळ वाचली की शंभर माणसांच्या माना वळतात, आणि ज्याच्याकडे वळतात त्याला आरतीचं ताट हातात घेऊन तिथंच बसावं लागतं.

मंडपात एक डबा ठेवा, साधा बिस्किटाचा. ज्याला वाटेल त्यानं आपल्या राशीचं भविष्य चिठ्ठीवर लिहून टाकावं, फक्त स्वतःचं, दुसऱ्याचं नाही. तुम्ही त्यातून निवडून फळ्यावर उतरवा. कुणी सांगावं, मोटरवाले काका स्वतःच्या मोटरीवर तुमच्याहून चांगली ओळ लिहून टाकतील. मग ती ओळ सगळ्यांनी मिळून हसायला मोकळी. त्यांनी नाही लिहिली तर तुम्ही त्यांच्या नावानं लिहू नका.

सातव्या-आठव्या दिवसाकडे थोडं लक्ष ठेवा. चतुर्दशी जवळ येते तशी कॉलनीतली किल्लारीकडची माणसं शांत होतात. शेवटच्या दिवशी फळ्यावर भविष्य नको. विसर्जन किती वाजता निघणार, एवढंच लिहा.

आणि एक ओळ रोज खरी लिहा. नळ कधी येणार ती. पाणी सोडणाऱ्या माणसाला आदल्या संध्याकाळी विचारा, वार आणि वेळ लिहा, बदल झाला तर पुसून दुरुस्त करा. बाकी सगळ्या ओळींतून वार काढायला मी तुम्हाला सांगितलं, इथं तो हवाच. गौरी यायच्या असतात, घरोघरी पाहुणे असतात, पाणी जास्त लागतं. त्या दिवसांत ही ओळ तळाशी नको, सगळ्यात वर लिहा आणि अक्षर मोठं काढा, म्हणजे आजोबांना चष्म्याशिवाय दिसेल.

– तुमची ताई